आज कोण काय जेवले? कुरणापासून समुद्रापर्यंत पाच दिवस

पहिला दिवस : कुरण

सकाळी साडेसातला आम्ही कुरणाच्या कडेला उतरलो तेव्हा गवतावरचे दव अजून वाळले नव्हते. नऊ ते बारा वर्षांची अकरा मुले, दोन मोठी माणसे, अकरा भिंगे, अकरा वह्या आणि खोक्याने झाकून वर काळे कापड गुंडाळलेली एक कुंडी एवढा आमचा सरंजाम होता. कुंडीचे कापड तिसऱ्या दिवशीपर्यंत कोणीही उचलायचे नाही, असे मी निघण्यापूर्वीच सांगून ठेवले होते. अर्थातच त्यामुळे कुंडी उचलून नेण्यासाठी मुलांची सतत चढाओढ लागली.

वहीचा नियम सोपा होता. जो जीव दिसेल त्याचे नाव पानाच्या वरच्या टोकाला लिहायचे, त्याखाली तो काय खातो ते लिहायचे, त्याच्याही खाली त्याचे अन्न कोणते अन्न खाते ते लिहायचे, आणि असे उतरत उतरत अशा जिवापाशी यायचे की जो दुसऱ्या कोणालाही खात नाही. तिथे रेघ मारून पान बंद करायचे. पहिले पान नाकतोड्याचे झाले आणि ते दोन ओळींतच संपले : नाकतोडा, गवत, रेघ. दुसऱ्या पानावर सरडा आला, त्याखाली नाकतोडा, त्याखाली गवत. पाच-सहा पाने अशी भरल्यावर दोन वेण्यांची एक मुलगी वही मिटून माझ्याजवळ आली. "ताई, दर वेळी शेवटी पानच येतंय. ज्याच्या शेवटी पान येत नाही असा एक तरी प्राणी असेलच ना?" मी तिला म्हटले, "शोध. सापडला तर मला सांग." पुढचे पाच दिवस आमच्या सगळ्या फिरण्याला या एका प्रश्नाने दिशा दिली, असे म्हटले तरी चालेल.

कुरणाच्या बांधावर एका झुडपाच्या कोवळ्या शेंड्यावर मावा पडला होता. मुलांनी एकामागून एक भिंग लावून तो पाहिला. मोहरीहूनही लहान, फिकट हिरवे, मऊ अंगाचे ते कीटक देठाला दाटीवाटीने चिकटून बसले होते आणि प्रत्येकाची सुईसारखी सोंड देठात रुतलेली होती. त्यांच्यामधून काळ्या मुंग्या फिरत होत्या. एक मुंगी एका किड्याच्या मागे थांबली, तिने आपल्या मिशांनी त्याच्या पाठीवर हलकेच थापट्या मारल्यासारखे केले, आणि त्या किड्याच्या शेपटाकडे एक पारदर्शक थेंब फुगून आला. मुंगीने तो तोंडात घेतला आणि ती पुढच्या किड्याकडे गेली. मुले श्वास रोखून बघत होती.

तो थेंब साखरेच्या पाण्याचा असतो. झाडाच्या रसात साखर भरपूर असते, पण अंग वाढवायला लागणारी प्रथिनद्रव्ये अगदी थोडी असतात. ती पुरेशी मिळावीत म्हणून माव्याला गरजेपेक्षा पुष्कळ जास्त रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर तो मागच्या बाजूने बाहेर टाकतो. मुंग्यांना ही आयती साखर मिळते, आणि तिच्या मोबदल्यात त्या माव्याची राखण करतात. आमच्या डोळ्यांदेखत एक लाल, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा माव्यावर ताव मारायला आला आणि दोन मुंग्यांनी त्याला देठावरून हुसकावून लावले. वहीचे ते पान मुलांना सरळ रेघेत लिहिताच येईना. माव्यापासून एक बाण मुंगीकडे जात होता, एक ढालकिड्याकडे, एक शेजारीच जाळे विणून बसलेल्या कोळ्याकडे, आणि कोळ्याकडे नाकतोड्याकडून आणखी एक बाण येत होता. कोणीतरी म्हणाले, "हे तर जाळंच झालं." शास्त्रज्ञही त्याला अन्नजाळेच म्हणतात. अन्नसाखळी ही त्या जाळ्यातून ओढून काढलेली एकच दोरी असते.

दुपारी कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसला आणि वेण्यांची मुलगी ओरडलीच, "पान नाही!" ती अमरवेल होती. तिला पाने जवळजवळ नसतातच आणि जमिनीत मुळेही उरत नाहीत. मी एक दोरा हलकेच ओढून दाखवला. जिथे तो यजमान झुडपाच्या फांदीला विळखा घालत होता तिथे बारीक उंचवटे होते आणि त्यांतून निघालेली शोषकमुळे फांदीच्या आत घुसली होती. अमरवेल त्या झुडपाने तयार केलेली साखर पिऊन जगते. मुलीने तोंड पाडून लिहिले : अमरवेल, झुडूप, पान, रेघ.

संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर सर्वांत लहान मुलाने जो प्रश्न विचारला त्याची मी वाट पाहत होते. "ताई, पण झाड काय खातं? माती?" माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि मोठ्या माणसांतही ‘माती’ असे उत्तर देणारे कमी नाहीत. खताला ‘झाडाचे अन्न’ म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे, तिचा हा परिणाम असावा.

म्हणून मी मुलांना यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट यांची हकीकत सांगितली. सुमारे ४०० वर्षांपूर्वी, आज ज्याला आपण बेल्जियम म्हणतो त्या भागात त्यांनी एका मोठ्या कुंडीत २०० पौंड कोरडी माती भरली, तिच्यात ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन भरले १६९ पौंड, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा तिचे वजन जेमतेम दोन औंस, म्हणजे मूठभर, कमी झालेले आढळले. "मग झाड पाण्याचंच बनलं!" मुले एकसुरात म्हणाली. फान हेल्मोंट यांचाही निष्कर्ष हाच होता आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला. तो अर्धाच खरा होता. झाडाने आपले पुष्कळसे अंग जिच्यापासून घडवले ती वस्तू कुंडीत नव्हतीच. ती कुंडीभोवती सगळीकडे होती आणि डोळ्यांना दिसत नव्हती. हवा, असे उत्तर येण्यास बराच वेळ लागला, पण ते मुलांकडूनच आले.

दुसरा दिवस : तळे

उन्हे वर आल्यावर आम्ही तळ्याकाठी गेलो. काचेच्या उभट बरणीत तळ्याचेच पाणी घेऊन तिच्यात पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीची एक फांदी उलटी सोडली आणि बरणी उन्हात ठेवली. थोड्या वेळाने फांदीच्या कापलेल्या टोकातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली. बरणीवर छत्री धरली की माळ मंदावायची, छत्री काढली की पुन्हा धरायची. मुलांनी हा खेळ इतक्या वेळा केला की शेवटी छत्रीच काढून घ्यावी लागली.

ते बुडबुडे प्रामुख्याने ऑक्सिजनचे होते. १७७१ साली जोसेफ प्रीस्टली या इंग्रज संशोधकाने बंद भांड्यात मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली आणि मग त्याच ‘बिघडलेल्या’ हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. वनस्पती हवा सुधारते हे त्याला कळले, पण ती केव्हा सुधारते आणि केव्हा नाही, याचा नेम लागत नव्हता. १७७९ साली यान इंगेनहाउस यांनी ते कोडे सोडवले : हे काम फक्त वनस्पतीचे हिरवे भाग करतात आणि तेही फक्त उजेडात.

तेव्हा पानाची हकीकत अशी आहे. पानाच्या पृष्ठभागावर, बहुतेक झाडांत खालच्या बाजूला जास्त, अतिसूक्ष्म तोंडे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि मुळांनी शोषलेले पाणी देठातून पानापर्यंत चढते. पानातील हरितद्रव्य सूर्याचा प्रकाश पकडते, आणि त्या प्रकाशाच्या ऊर्जेवर पान पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून साखर घडवते. ऑक्सिजन उरतो, तो बाहेर सोडला जातो. याला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. सूर्यापासून निघालेला प्रकाश आठ मिनिटे आणि वीस सेकंदांत पृथ्वीवर पोहोचतो. पानात शिरल्यावर तो साखरेच्या रेणूंमध्ये साठून राहतो, आणि मग नाकतोड्याने उडी मारली, सरड्याने मान वळवली किंवा मुलांनी तळ्याकाठी आरडाओरडा केला की तीच साठवण मोडली जाते. साखर ऑक्सिजनच्या साहाय्याने मोडून तिच्यातील ऊर्जा सोडवून घेण्याचे काम प्रत्येक पेशीत चालते, त्याला श्वसन म्हणतात. झाडेही श्वसन करतात, रात्री आणि दिवसाही. झाड दिवसा ऑक्सिजन घेत नाही, फक्त देते, असे दोन मुलांनी ठामपणे सांगितले, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मातीतून झाड काहीच घेत नाही असेही नाही. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम यांसारखी द्रव्ये त्याला पाण्यात विरघळलेल्या रूपात मातीतून घ्यावी लागतात. घर बांधताना खिळे लागतात तशी ती थोडी पण अत्यावश्यक असतात. मात्र त्यांच्यातून झाडाला ऊर्जा मिळत नाही. कीटक पकडणाऱ्या वनस्पतींचेही असेच आहे. त्या निकस, दलदलीच्या जमिनीत वाढतात आणि जमिनीत न मिळणारा नायट्रोजन कीटकांच्या शरीरातून मिळवतात. साखर त्या आपल्या हिरव्या पानांतच तयार करतात. मुलांना ही गोष्ट ऐकून थोडे वाईट वाटले, कारण माशी खाणारे झाड वाघासारखे असावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

दुपारी काठावरच्या सावलीत आम्ही पाणी वाटण्याचा प्रयोग केला. चार मुले ओळीत उभी राहिली. पहिला झाला पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ, दुसरी झाली पाणपिसू, तिसरा लहान मासा, आणि चौथा, म्हणजे आमचा सर्वांत लहान मुलगा, खंड्या पक्षी झाला. शेवाळाच्या हाती मी एक लिटर, म्हणजे १००० मिलिलिटर पाणी दिले आणि सांगितले की ही शेवाळाने वाढण्यात घातलेली ऊर्जा आहे. प्रत्येकाने आपल्याजवळच्या पाण्याचा दहावा भाग पुढच्याला द्यायचा आणि बाकीचे जमिनीवर ओतायचे. पाणपिसूला १०० मिलिलिटर मिळाले, माशाला १०. खंड्याच्या तळहातावर मोजनळीतून फक्त एक मिलिलिटर पडले, म्हणजे साधारण वीस थेंब. "मला एवढंच?" तो रडवेला होऊन म्हणाला. मग पायाखालच्या ओल्या जमिनीकडे पाहून त्याने विचारले, "आणि हे सगळं कुठे गेलं?"

उत्तर शोधायला आम्ही पाण्याकडेच पाहिले. पाणपिसू भिंगाखाली अखंड उड्या मारत होती, तिचे इवलेसे हृदय पारदर्शक अंगातून धडधडताना दिसत होते. त्या प्रत्येक उडीला आणि ठोक्याला तिने खाल्लेल्या शेवाळाची ऊर्जा खर्ची पडत होती आणि शेवटी उष्णता होऊन पाण्यात विरून जात होती. काही शेवाळ तिला पचत नाही. काही शेवाळ आणि काही पाणपिसवा कोणी खाण्याआधीच मरतात. जे तिच्या अंगात वाढ म्हणून उरते तेवढेच माशाच्या वाट्याला येऊ शकते. दहावा भाग हा काटेकोर नियम नव्हे; कुठे तो वीसातला एक असतो, कुठे पाचातला एक. पण मोठा वाटा वाटेतच खर्च होतो हे सगळीकडे खरे आहे. शेवाळाकडे एक लिटर येण्यासाठी त्याच्यावर किती प्रकाश पडावा लागला असेल, असे विचाराल तर शंभर लिटर धरायला हरकत नाही, कारण वनस्पती आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा साधारण शंभरावा भागच आपल्या वाढीत साठवू शकतात. म्हणूनच तळ्यात शेवाळ अपार, पाणपिसवा अगणित, मासे पुष्कळ, आणि खंड्या मात्र आम्हाला दिवसभरात एकच दिसला.

तळ्यातील ऊर्जेचा असा हिशेब पद्धतशीरपणे मांडणारा तरुण शास्त्रज्ञ होता रेमंड लिंडेमन. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका लहानशा, दलदलीने वेढलेल्या तळ्याचा त्याने काही वर्षे अभ्यास केला : कोण कोणाला खातो आणि एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर किती ऊर्जा पोहोचते. त्याचा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला, पण तो पाहायला लिंडेमन उरला नव्हता. त्याच वर्षी, सत्ताविसावा वाढदिवस येण्यापूर्वीच, तो आजारपणात गेला. मुले हे ऐकून गप्प झाली. मलाही तळ्याकाठी बसले की त्याची आठवण होते.

तिसरा दिवस : जंगल

सकाळी कुंडीचे कापड निघाले. आत मऊ, पातळ पानांचे साधे रोप पाहून मुलांची थोडी निराशा झाली. अडीच दिवस अंधारात ठेवल्यामुळे त्याच्या पानांतील साठवलेले अन्न संपले होते, आणि तेच मला हवे होते. काळ्या कागदात ‘प’ हे अक्षर कापून खिडकी केली, तो कागद एका पानाच्या वर आणि कोरा काळा कागद खाली लावून चिमटे बसवले, आणि कुंडी अंगणात उन्हात ठेवून आम्ही जंगलात गेलो.

जंगलात मी मुलांना वर पाहूच दिले नाही. वाघ-हरणांच्या चित्रांमुळे जंगलात जेवणे वर, उजेडात चालतात अशी समजूत होते. प्रत्यक्षात जंगलात तयार होणाऱ्या पानांपैकी आणि लाकडापैकी फारच थोडा भाग कोणी जिवंतपणी खातो. बहुतांश भाग गळतो, पडतो आणि पायाखाली खाल्ला जातो. पुस्तकातील आकृतीत विघटकांना, म्हणजे मेलेले आणि गळलेले खाऊन कुजवणाऱ्या जिवांना, कोपऱ्यात एक लहान चौकट दिलेली असते. ती मला नेहमीच अन्यायाची वाटते. जंगलाचा मुख्य भटारखाना पाचोळ्यात आहे.

एका मोठ्या झाडाखाली आम्ही हातभर लांबी-रुंदीचा चौकोन आखला आणि पाचोळा थराथराने उचलला. वरची पाने कोरडी आणि अखंड होती. त्यांच्याखाली ओलसर, काळपट ठिपक्यांची पाने होती. आणखी खाली केवळ शिरांची जाळी उरलेली पाने होती, इतकी नाजूक की फुंकर घातली तरी हलत. सर्वांत खाली पानांची ओळखच पुसली गेली होती. काळी, भुसभुशीत, पावसाचा वास असलेली माती होती. चार बोटांच्या त्या जाडीत गांडुळे, वाणी, गोम, टुणकन उडणारे पांढरे सूक्ष्म कीटक आणि सगळीकडे पसरलेले बुरशीचे पांढरे धागे होते. एका मुलाने कुजक्या फांदीवरील अळिंबी पाहून विचारले, "हिला तोंड कुठे आहे?" अळिंबी हे बुरशीचे फक्त फळ असते, खरी बुरशी म्हणजे लाकडाच्या आत शिरलेले ते धागे. ते आपले पाचकरस बाहेर, लाकडावरच सोडतात, लाकूड तिथेच पचते, आणि विरघळलेले अन्न धागे शोषून घेतात. आपण अन्न पोटात घालतो. बुरशी स्वतःच अन्नात जाऊन बसते.

वाळवी लाकूड खाते, पण ते पचवण्यात तिला पोटातील सूक्ष्मजीवांची मोठी मदत होते. गवत खाणाऱ्या गाई-हरणांच्या पोटातही तशीच व्यवस्था असते. या सर्वांच्या कामातून पानात अडकलेली द्रव्ये पुन्हा मातीत सुटी होतात आणि तेच झाड ती पुन्हा उचलते. मुलांनी आदल्या दिवशीच्या पाण्याची आठवण काढली : जमिनीवर सांडलेले पाणी परत वर येईल का? द्रव्ये परत येतात. ऊर्जा येत नाही. ती उष्णता होऊन निघून जाते. म्हणून सूर्याला रोज उगवावेच लागते. पण आमच्या वेण्यांच्या मुलीचे लक्ष या बोलण्याकडे नव्हते. तिने अळिंबीचे पान लिहून संपवले होते : अळिंबी, लाकूड, झाड, पान, रेघ.

संध्याकाळी आम्ही कुंडीतील ते पान तोडले. ते आधी उकळत्या पाण्यात घातले. मग जाळ पूर्ण विझवला, स्पिरिटच्या वाटीत पान ठेवून ती वाटी त्या गरम पाण्यात बसवली, आणि मुले तीन पावले मागे उभी राहिली. हळूहळू स्पिरिट हिरवे झाले आणि पान पांढुरके पडले. पाण्यातून धुऊन ते बशीत पसरले आणि सर्वांत लहान मुलाने त्यावर आयोडिनचे थेंब सोडले. क्षणभर सगळे पान तपकिरी-पिवळसर दिसले. मग कडेने आणि मधोमध निळा-काळा रंग चढू लागला. कागदाने झाकलेला भाग फिका राहिला आणि त्याच्या मध्यभागी गडद, थोडे वेडेवाकडे, पण स्पष्ट ‘प’ उमटले. जिथे ऊन पडले तिथेच पानाने साखर तयार करून ती पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या रूपात साठवली होती. एका दिवसाच्या उन्हाने लिहिलेले ते अक्षर मुलांनी आळीपाळीने भिंगातून पाहिले. मी हा प्रयोग कितीदा केला असेल, तरी अक्षर उमटताना माझे हात अजून थांबतात.

चौथा दिवस : वाटेत

निघण्याआधी मुक्कामाशेजारच्या जुन्या झाडाखाली अंगठ्याएवढा, करड्या रंगाचा, कोरडा गोळा सापडला. घुबड लहान भक्ष्य सबंध गिळते. न पचलेली हाडे आणि केस पोटात दाबले जाऊन त्यांचा गोळा होतो आणि घुबड तो तोंडावाटे बाहेर टाकते. कोमट पाण्यात भिजवून, सुईने उकलल्यावर त्यातून उंदराच्या दोन कवट्या निघाल्या, त्यांचे पुढचे दात नारिंगी रंगाचे होते. एक नाजूक बरगडी आणि भुंगेऱ्याच्या पंखाचे चमकदार झाकणही निघाले. घुबड, उंदीर, बी, पान. वेण्यांच्या मुलीने आता रेघ मारण्याआधी मोठा सुस्कारा टाकला.

बाकीचा दिवस गाडीत गेला. पावसामुळे खिडक्या बंद होत्या आणि थोड्याच वेळात आत उकडू लागले. शांत बसलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. गाडीत असे तेरा दिवे लागले होते, त्यांतले अकरा थोडे लहान. अंग उबदार ठेवणाऱ्या प्राण्यांना हा खर्च रोजच करावा लागतो, म्हणून लहानात लहान चिचुंद्र्या दर काही तासांनी खाल्ल्याशिवाय जगत नाहीत, तर मोठा अजगर एका जेवणावर कित्येक आठवडे काढू शकतो, कारण तो अंग तापवण्यासाठी अन्न जाळत नाही, तो उन्हात जाऊन पडतो.

पाचवा दिवस : समुद्र

ओहोटीच्या वेळी आम्ही खडकांवर उतरलो. खडकाला घट्ट चिकटलेली कालवे, डबक्यातील समुद्रफुलांचे हलते हात, फटीत दडलेले खेकडे यांची पाने मुलांनी झटपट लिहिली, पण खालच्या ओळीपाशी सगळी अडली. झाडे कुठे आहेत? खडकांवर थोडे शेवाळ होते, पण समोर पसरलेल्या एवढ्या पाण्यात जे मासे आहेत, ते काय खातात? वेण्यांच्या मुलीचा चेहरा उजळला.

आम्ही बारीक जाळीने गाळलेल्या समुद्राच्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. साध्या डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या त्या थेंबात सोनेरी-हिरवट पेट्या, नावा आणि सुया तरंगत होत्या. ते एकपेशीय वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगत उन्हावर साखर घडवणारे सूक्ष्म जीव होते. त्यांतील कित्येकांभोवती काचेसारखे नक्षीदार कवच असते. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे समुद्रात होते, आणि त्यातले बहुतेक काम हे जीव करतात. त्यांना खोड नाही, लाकूड नाही. ते झपाट्याने वाढतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जातात. जंगलात अन्न गळून पडण्याची वाट पाहते. समुद्रात ते उगवते न उगवते तोच खाल्ले जाते. पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा, बोटभर लांबीचे, कोळंबीसारखे दिसणारे क्रिल खातो आणि क्रिल हे प्लवक खातात. दोन पायऱ्यांत सूर्यप्रकाशापासून देवमाशापर्यंत! वाटेत कमी सांडले म्हणूनच एवढे मोठे अंग पोसले जाते, हे आमच्या लहानग्या खंड्याने न सांगता ओळखले.

रात्री वाळूत बसल्यावर मुलगी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारू लागली, "जिथे ऊनच पोहोचत नाही तिथे?" हजार मीटरांच्या खाली समुद्र पूर्ण काळोखा आहे. तिथले बहुतेक जीव वरून बर्फासारख्या भुरभुरत येणाऱ्या मृत प्लवकांच्या आणि विष्ठेच्या कणांवर, किंवा ते खाणाऱ्यांवर जगतात. म्हणजे पुन्हा पान. पण १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ ‘अॅल्विन’ ही पाणबुडी सुमारे २५०० मीटर खोल उतरली. आतले शास्त्रज्ञ समुद्रतळावरील गरम पाण्याचे झरे शोधत होते. झरे सापडले, आणि त्यांच्याभोवती ज्यांची कोणी कल्पनाही केली नव्हती असे दाट वस्तीचे जीव सापडले : मोठे शिंपले, खेकडे, आणि माणसाहून उंच वाढणारे, पांढऱ्या नळीत राहणारे, लाल तुऱ्यांचे कृमी. या पूर्ण वाढलेल्या कृमींना तोंड नसते आणि पचनाची नळीही नसते. त्यांच्या अंगात कोट्यवधी जिवाणू राहतात. झऱ्यातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडची ऑक्सिजनशी क्रिया घडवून ते ऊर्जा मिळवतात आणि तिच्यावर साखर घडवतात. हे काम प्रकाशाविना होते, त्याला रसायनसंश्लेषण म्हणतात.

मुले उठून उभी राहिली. सापडला! मुलीने अंधारातच विजेरी लावून वही उघडली. तेवढ्यात चष्मा लावणारा एक शांत मुलगा, जो पाच दिवसांत फारसा बोलला नव्हता, म्हणाला, "ताई, पण तो ऑक्सिजन कुठून आला?"

समुद्राच्या तळाशी असलेला ऑक्सिजन वरूनच गेलेला असतो, आणि वर तो प्लवकांनी आणि झाडांनी सोडलेला असतो. हे मी सांगितल्यावर मुलगी वहीकडे बघत बराच वेळ बसली. मला तिला पुढचेही सांगावे लागले, कारण अर्धे सांगणे बरोबर झाले नसते. त्याच झऱ्यांपाशी असे सूक्ष्मजीवही आहेत की ज्यांना ऑक्सिजन चालतच नाही. पृथ्वीच्या पोटातून येणारा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून ते ऊर्जा मिळवतात आणि मिथेन वायू बाहेर सोडतात. त्यांना ऊन लागत नाही, आणि ऊन पकडणाऱ्या कोणाचीही देणगी लागत नाही.

तिने नळीतील कृमीचे पान लिहिले, त्याखाली जिवाणू, त्याखाली गरम झरा, आणि बाजूला बाण काढून लहान अक्षरांत ‘ऑक्सिजन : पान’. मग पान उलटून नव्या पानाच्या वर तिने ‘मिथेन सोडणारे सूक्ष्मजीव’ असे लिहिले, त्याखाली ‘हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड’ लिहिले, त्याखाली ‘दगड आणि पाणी’ लिहिले, आणि पट्टी नसल्यामुळे चष्मेवाल्याच्या वहीची कड लावून सरळ रेघ मारली.